तळघरातला वळीव

ओसाका हे शहर आधी डोळ्यांत घुसतं, मग कानांत. दोतोंबोरीच्या पुलावर उभी राहून मान वर केली, तर कालव्याच्या काठी इमारतभर पसरलेला एक धावपटू, दोन्ही हात आभाळात! ग्लिको नावाच्या खाऊच्या कंपनीची ही जाहिरात. १९३५ साली तो इथे पहिल्यांदा उभा राहिला, आणि रूपं बदलत बदलत अजून धावतोच आहे. थोडं पुढे गेलं तर एका हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर भलाथोरला लाल खेकडा, आणि तो चक्क नांग्या हलवतोय! रस्त्यावर ऑक्टोपसचे तुकडे घातलेले ताकोयाकीचे गोळे फिरताहेत. आप्पेपात्रच म्हणा ना, फक्त टेबलाएवढं, आणि गोळे उलटणाऱ्या पोराचा हात असा चालतोय की दाभण दिसतच नाही. लाल, पिवळा, जांभळा उजेड सगळा पाण्यात सांडलेला. एवढ्यात एका पाचिंकोच्या जुगारखान्याचं सरकतं दार उघडतं आणि हजारो पोलादी गोळ्यांचा खळखळाट अंगावर येतो. दार मिटतं. खळखळाट गायब!

खरं नवल त्यानंतरचं. हीच सगळी गर्दी मेट्रोच्या डब्यात शिरली आणि गप्प झाली. फोन वाजत नाही, कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. डबा खचाखच भरलेला, आणि ऐकू येतंय ते फक्त रुळांचं. मी मूळची लालबागची. आमच्या लोकलच्या डब्यात टाळ वाजवत भजनी मंडळ ठाण्यापर्यंत पोचवायचं. आपल्याकडे आवाजाला घर लागत नाही. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, तो रस्त्यावरच राहतो आणि सगळ्या गावाचा असतो. इथे मात्र आवाजाला वेगळी खोली आहे, खोलीला जाड दार आहे, तिचं तासाचं भाडं आहे.

"उद्या तुला त्या खोलीतच नेते, मावशी," ओसाकात शिकणारी माझी भाची म्हणाली. "नॉइज-रॉक ऐकशील ना?"

मी सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला रात्र रात्र सतरंजीवर बसलेली बाई. ऐकीन की, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत शहरानं माझे कान तयार करून घेतले. सकाळी आम्ही १९७० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या बागेत गेलो. झाडांच्या वर पांढराशुभ्र 'सूर्याचा मनोरा' उभा, सत्तर मीटर उंच, दोन पंख पसरलेले, माथ्यावर सोनेरी मुखवटा, छातीवर रागावलेला दुसरा चेहरा, पाठीवर काळा सूर्य. आपला राजाबाई टॉवर पंचाऐंशी मीटरचा, म्हणजे याहून उंच. पण तो कुणाकडे असा बघत नाही! तारो ओकामोतो या चित्रकाराची ही करणी. त्या प्रदर्शनाला सहा कोटी चाळीस लाखांवर माणसं येऊन गेली.

बागेतल्या एका जुन्या दालनापाशी मी थबकले. पोलाद उद्योगानं तेव्हा उभारलेलं हे दालन आता संग्रहालय झालंय. आत काचेपलीकडे एक गोल रंगमंदिर आहे. त्याच्या छतात, भिंतींत, जमिनीखाली हजाराहून अधिक स्पीकर बसवले होते. तोरू ताकेमित्सु या मोठ्या जपानी संगीतकाराच्या देखरेखीखाली इथे ध्वनी खेळवला गेला. ग्रीक रचनाकार यानिस झेनाकिसनं खास या जागेसाठी रचना केली. फ्रान्सच्या बाशे या शिल्पकारानं पोलादाची, वाजवता येतील अशी शिल्पं घडवली. विचार करा! ज्या काळात आमच्या चाळीत एका रेडिओभोवती सगळा मजला गोळा व्हायचा, त्या काळात इथले लोक तिकीट काढून नाद अंगावर घ्यायला रांगेत उभे होते.

दुपारी निप्पोनबाशीला बुनराकू. हा बाहुल्यांचा खेळ, पण आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या डोळ्यांसमोर आणल्या तर चुकाल. इथे एक बाहुली अर्ध्या माणसाएवढी, आणि तिला हलवायला तीन माणसं, तीही प्रेक्षकांच्या देखत, बहुतेक काळ्या बुरख्यात. बाजूला बसलेला निवेदक रडतो, खाकरतो, घसा फाडून ओरडतो. त्याच्या शेजारी जाड मानेचं शामिसेन. वादक हस्तिदंती पट्टी तारेवर अशी मारतो की ती खालच्या कातड्यावरही आपटते. सूर आणि थाप एकाच फटक्यात! शिवाय जाड तारेला मुद्दाम एक झणझण ठेवलेली असते, सावारी म्हणतात तिला. मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा जवारीला दिला की तो घोडी घासत बसतो, तारेखाली दोरा सरकवतो, कशासाठी? तार नुसती वाजू नये, गुंजावी म्हणून. स्वच्छ सूर दोघांनाही पुरत नाही. दोघंही त्यात खरखर मिसळतात, आणि मग म्हणतात, आता जीव आला.

ही खरखर वाढवत वाढवत नेली तर कुठवर जाईल? याचं उत्तर संध्याकाळी मिळालं.

अमेरिकामुरा हा जुन्या कपड्यांच्या आणि रंगीत केसांच्या पोरांचा भाग. तिथल्या एका अरुंद इमारतीचा जिना खाली उतरतोय. दोन्ही भिंतींवर जाहिरातींची पत्रकं थरावर थर चिकटवलेली. खाली एक जाड दार, त्याच्या आत आणखी एक दार. दोन दारांच्या मधे उभं राहिलं की शहर संपलेलं असतं आणि पुढचं अजून सुरू झालेलं नसतं. आत शिरताना तिकिटाशिवाय एका पेयाचे पाच-सहाशे येन सगळ्यांनीच द्यायचे. अशा जागांना परवाना बहुतेक खाणावळीचा असतो, त्यामुळे काहीतरी विकावंच लागतं! मी उलाँग चहा घेतला. भाचीनं माझ्या हातात फोमचे दोन बोळे ठेवले. "कानात घाल. इथे सगळेच घालतात, वाजवणारेसुद्धा."

खोली आमच्या हॉलच्या दुप्पट असेल, भिंती काळ्या. प्रेक्षक तीसेक. एक गृहस्थ ऑफिसच्या सुटाबुटात, बॅग पायांत धरून. दोन मुली कपाळापर्यंत निळ्या. एक पिकल्या केसांचे आजोबा अगदी पुढे, खांबाला टेकून. त्या रात्री चार बँड, प्रत्येकाला अर्धा तास. आम्ही ज्याच्यासाठी आलो तो दुसरा. गिटारवर एक मुलगी, कॉलेजातली. बासवर एक किडमिडीत मुलगा. ड्रमवर दुसरी मुलगी, जी रात्रपाळीला दुकान सांभाळते. तिघं मिळून साठ वर्षांचे असतील नसतील. मंचावर येताना तिघंही ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाकडे वळून कमरेत वाकले. मग आमच्याकडे वळून वाकले. शाळेच्या स्नेहसंमेलनातही मुलं एवढी लाजत नाहीत.

गिटारवालीच्या पायाशी एक फळी, तिच्यावर ओळीनं लोखंडी डब्या: नारिंगी, पिवळी, काळी, हिरवी. बाळबोध दिसतात, पण सगळी करामत त्यांच्यात आहे. एका डबीतून सूर फाटतो, दुसरीतून त्याची पुनरावृत्ती होते, तिसरीतून तो लांबतो. अशा डब्या जगभर पोचवणाऱ्या बॉसची मूळ कंपनी रोलँड. इकुतारो काकेहाशींनी ती १९७२ साली याच ओसाकात सुरू केली. तिचा १९७५ सालचा जॅझ कोरस ॲम्प्लिफायर आजही जपानच्या बहुतेक तालीमखोल्यांत सापडतो. म्हणजे या पोरीचा आवाज मुळात गावचाच!

आणि आता.

ती तार छेडतच नाही. गिटार ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी नेते आणि नुसती धरून ठेवते. एक बारीक शिट्टी उगवते. तारेचा आवाज स्पीकरमधून निघतोय, परत तारेलाच हलवतोय, तार पुन्हा स्पीकरला, स्पीकर पुन्हा तारेला. ती दोन बोटं मागे सरकते, शिट्टीची किंकाळी होते. अर्धं पाऊल डावीकडे, किंकाळीचा घोगरा घुमारा. हात तारेवर नाहीच! नुसतं अंग वळवून ती सूर शोधतेय. शिट्टीखालून बासची घरघर येते, ती कानाला नाही, बरगड्यांना कळते. माझ्या पेल्यातला चहा थरथरतोय.

मग ड्रम कोसळतात. वैशाखातली दुपार आठवा. चार वाजता आभाळ एका बाजूनं काळं होतं, धुळीचा लोट उठतो, पत्रे उडतात, अंगणातलं वाळवण कोण आणणार म्हणून घरभर पळापळ, आणि तेवढ्यात पहिले टपोरे थेंब ताडताड ताडताड! तो वळीव या काळ्या खोलीत शिरलाय. ड्रमवालीचे केस तोंडावर, हात दिसत नाहीत, नुसता त्यांचा वारा दिसतो. गिटारवाली गुडघ्यावर बसून डब्यांची बटणं पिळतेय. ती मघाची लाजरी पोरगी माइकमध्ये अशी ओरडते की माझे बोळे घातलेले कान आतून उलटे होतात.

एकाएकी सगळं थांबतं. तिघंही, एकाच क्षणी. शांतता. कुणी कुणाकडे बघत नाही. मी मनात मोजतेय: एक, दोन, तीन... आणि सुईच्या टोकावर तिघंही पुन्हा कोसळतात! माझ्या तोंडून "वाह!" निघून गेलं. अहो, ही तर सम! पुन्हा थांबणं, या वेळी पाच मात्रा. पुन्हा सात. ज्याला मी दंगा समजत होते त्यात एक टाचणी इकडची तिकडे नव्हती. रोज घासल्याशिवाय असं येत नाही. आणि घासायचं कुठे? घरांच्या भिंती पातळ, शेजाऱ्याला त्रास देणं म्हणजे पाप. म्हणून ही मुलं तासावर तालीमखोली भाड्यानं घेतात, रात्री उशिरा तिथे जमतात, वेळ संपायच्या आधी वायरी गुंडाळतात, फरशी होती तशी करून निघतात. एवढा सगळा बेशिस्त आवाज इतक्या काटेकोर शिस्तीत पिकतो!

आमच्या लालबागला गिरणीच्या मागखात्यातून आलेली माणसं घरातही मोठ्यानं बोलायची, कारण मागाचा खडखडाट त्यांच्या कानांत तसाच राहिलेला असायचा. त्या खडखडाटात एक लय असते, हे मला त्या तळघरात पहिल्यांदा पटलं. ओसाकालाही एके काळी पूर्वेचं मँचेस्टर म्हणत. १८८३ साली इथे पहिली मोठी सूतगिरणी सुरू झाली. पुढे १८९३ साली मुंबई आणि जपानमध्ये नियमित बोट सुरू झाली, ती मुख्यतः आपल्याकडचा कापूस इकडे आणायला, आणि तिच्यामागे जमशेदजी टाटांची खटपट होती. म्हणजे या दोन शहरांनी एकच कापूस कातला, एकसारखाच खडखडाट ऐकला. आमच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण तो खडखडाट मला इथे तळघरात पुन्हा भेटला.

अर्धा तास झाला. तिघंही पुन्हा कमरेत वाकले, स्वतःचं सामान स्वतः उचलून बाजूला झाले. टाळ्या भरपूर, पण गलका नाही. मी सवयीनं "वन्स मोअर!" ओरडले. तीस माथी वळली. भाचीनं माझा हात दाबला: "मावशी, पुढच्याची वेळ खायची नसते इथे."

मधल्या वेळेत ते खांबाजवळचे आजोबा बोलते झाले. भाची अर्थ सांगत होती. ते सगळं ऐकत आलेत, अगदी सुरुवातीपासून. क्योतोत १९७९ साली हिजोकाइदान नावाचं टोळकं जमलं. जोजो हिरोशिगे हा त्यांचा म्होरक्या. त्यांनी ताल टाकला, चाल टाकली, उरला तो निव्वळ गोंगाट. सुरुवातीच्या प्रयोगांत मंचावरून काय काय फेकलं जाई ते आजोबांनी नाक धरून सांगितलं. याच जोजोंनी १९८४ साली अल्केमी रेकॉर्ड्स काढली, आणि कुणी छापणार नाही असल्या आवाजाला घर मिळालं. मग यामात्सुका आय. याच्या हानाताराश बँडच्या एका प्रयोगाला येणाऱ्यांना 'इजा झाल्यास तक्रार नाही' अशा कागदावर सही करावी लागली. १९८५ साली तोक्योत या पठ्ठ्यानं उत्खननाचं यंत्र सभागृहाची भिंत फोडून आत घातलं! आपल्याकडे जेसीबी बघायला गर्दी जमते, पण जेसीबी वाजवणारा अजून जन्मायचाय.

त्याच आयनं १९८६ साली बोअरडम्स उभा केला, आणि तोडफोडीतून हळूहळू तालाकडे वळला. १९९३ साली अमेरिकेत निर्वाणा या गाजलेल्या रॉक बँडच्या आधी मंचावर उभं राहण्याचा मान या ओसाकाच्या बँडला मिळाला. त्याच्याही आधी, १९९१ साली, इथल्याच तीन मुलींचा शोनेन नाइफ निर्वाणाबरोबर इंग्लंड फिरून आला होता. २००७ सालच्या सातव्या महिन्यातल्या सात तारखेला बोअरडम्सनं न्यूयॉर्कला नदीकाठी सत्त्याहत्तर ड्रमवाले वेटोळ्यात बसवून वाजवले.

"सत्त्याहत्तरच?" मी विचारलं. पुण्याला लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची ढोलपथकं ऐकायला या म्हणावं! भाचीनं ते भाषांतर करून सांगितलं. आजोबा इतके हसले की खांब धरावा लागला. ढोल केवढा असतो, किती वजनाचा, कमरेला बांधून किती तास वाजवतात, सगळं विचारून घेतलं. मी फोनवर एका पथकाचं चित्रण दाखवलं. त्यांनी बोळे काढून, फोन कानाला लावून ऐकलं. डोळे मिटले होते.

नांबा भागात 'बेअर्स' नावाचं असंच एक तळघर आहे, ऐंशीच्या दशकापासून चालू. बोअरडम्समध्ये पूर्वी गिटार वाजवणारे यामामोतो सेइइचि ते सांभाळत आले. जेमतेम शंभर माणसं मावतील एवढी जागा, पण जगभरचे नॉइजवाले तिचं नाव पंढरीसारखं घेतात. २००२ साली लाल पोशाखात, रंगवलेल्या तोंडांनी दणाणून सोडणाऱ्या दोन मुलींचा अफ्रिराम्पो आला तोही याच शहरातून. दर काही वर्षांनी नवी पिढी जिना उतरते, आणि जुनी माणसं येऊन पुढच्या खांबाला टेकून उभी राहतात. घराण्यात याहून वेगळं काय असतं?

रात्रीचा शेवटचा बँड संपला, दिवे लागले, आणि सगळे हिशेबाला बसले. हे मी कधीच विसरणार नाही. बँडनं किती तिकिटं विकायची याचा आकडा अशा बऱ्याच जागा आधीच ठरवून देतात. समजा दोन हजार येनांची वीस तिकिटं. जेवढी खपली नाहीत तेवढ्यांचे पैसे बँडनं खिशातून भरायचे. सगळीच पडून राहिली तर चाळीस हजार येन, आपले वीस हजार रुपयांहून जास्त! आमच्या तिघांची बरीच उरली होती. बासवाल्यानं पाकीट उघडलं, ड्रमवालीनं पाकीट उघडलं, नोटा दोन्ही हातांनी पुढे केल्या आणि, हे ऐका, आभार मानले. पैसे देऊन, ते घेणाऱ्यांचे आभार! तासाभरापूर्वी जिच्या किंकाळीनं माझे कान उलटे झाले, ती मुलगी नोटांच्या कडा नीट जुळवत होती.

मला छबिलदास शाळा आठवली. सत्तरच्या दशकात दादरच्या त्या सभागृहात नट स्वतः नेपथ्य खांद्यावरून आणायचे, पदरमोड करायचे आणि शंभर माणसांपुढे मराठी नाटक बदलून टाकायचे. तेव्हाही लोक विचारायचे, कशासाठी हे? मीही भाचीतर्फे त्या मुलीला तेच विचारलं. एवढं सगळं करून पदरचे पैसे जातात, मग पुढे काय?

तिला प्रश्न कळलाच नाही. भाचीनं दुसऱ्या शब्दांत विचारला. मग तिचा चेहरा उजळला. पुढे काय म्हणजे पुढचा महिना! तारीख घेतलीय, शनिवार आहे, पाच बँड आहेत, एक नवीन तुकडा बसवतोय ज्यात मधली शांतता आणखी लांब असेल. पिशवीतून तिनं हातानं रंगवलेली पत्रकं काढली आणि वाकून दोन्ही हातांनी एक मला दिलं.

"दोन तिकिटं दे म्हणावं तिला," मी म्हटलं.

"अगं मावशी, तू तेव्हा पुण्यात असशील!"

"असेन. पण त्यांच्या वीसातली दोन तर कमी झाली ना? एकावर तू जा, दुसऱ्यावर कुणाला तरी ओढून ने. आणि कानात बोळे घाल."

भाचीनं ते त्यांना सांगितलं. तिघंही एकदम वाकली, समेवर.